पहिला घोडा घेण्याआधी काय घ्यायचं आणि कशासाठी थांबायचं

घोडा ठरत आला की सामानाची यादी हातात पडते, आणि तिच्यात सगळ्यात वर बहुतेक वेळा खोगीर असतं. माझ्या मते ते सगळ्यात खाली हवं. खोगीर घोड्याच्या पाठीवर ठेवून पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. घोडा दारात यायच्या आधी घ्यायचं ते हेल्मेट, म्होरकी (घोडा बांधायला-न्यायला त्याच्या तोंडावर चढवायचा पट्ट्यांचा साज) आणि दोर, खुरांचं आणि खराऱ्याचं सामान, औषधांची पेटी. बाकीचं घोडा कुठे राहणार यावर ठरतं.

पुण्यात दोनच वाटा आहेत. घोडा रायडिंग क्लबात महिन्याच्या पैशांवर ठेवायचा, नाहीतर मुळशी, शिरूर, सासवडकडे स्वतःच्या जागेत. क्लबात ठेवणार असाल तर बादल्या, गव्हाण, फावडं, घमेलं यांवर एक रुपयाही घालू नका. सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस, तिथलाच, चंदी-वैरण तिथली. मात्र ब्रश आणि नमदा (खोगिराखालची गादी) स्वतःचे ठेवा, त्यावर घोड्याचं नाव घाला. गजकर्ण एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातं ते अशाच सामायिक सामानातून. स्वतःच्या जागेत ठेवणार असाल तर सगळंच तुमचं, आणि खर्चाचा पहिला मोठा भाग तबेल्यात जातो, घोडेस्वारीच्या सामानात नाही.

हेल्मेट

इथे तुलना करायची ती फक्त मापाची. मानकाचा शिक्का असलेलं घोडेस्वारीचंच हेल्मेट हवं. आत एएसटीएम एफ११६३, पास ०१५ किंवा व्हीजी१ असं छापलेलं दिसतं. सायकलचं हेल्मेट चालत नाही, ते वेगळ्या पद्धतीच्या पडण्यासाठी बनवलेलं असतं. डिकॅथलॉनचं फूगांझा आणि परदेशी महागडं यांत शिक्का सारखा असेल तर जे डोक्यावर घट्ट बसतं ते घ्या: पट्टा सोडून मान हलवली तरी जागचं हललं नाही पाहिजे. जुनं, कोणाचं वापरलेलं घेऊ नका. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसतं, पण आतला थर दबलेला असतो. आणि बूट टाचेचे हवेत, म्हणजे पाय रिकिबीतून, खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जात नाही. रिकीब बुटापेक्षा साधारण इंचभर रुंद असावी.

खोगीर: चामड्याचं की सिंथेटिक, नवं की जुनं

आधी घोडा कोणता ते पाहा. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) पुण्यात सहज मिळतो. त्याचा खांद्यावरचा उंचवटा वर आलेला आणि पाठ अरुंद असते. भीमथडी जात लहान चणीची, तिच्या अंगाची ठेवण वेगळी. मारवाडी आणखी वेगळा. एकाचं खोगीर दुसऱ्याला बसेलच असं नाही, आणि शर्यतीतून आलेला घोडा चांगल्या खाण्यावर सहा महिन्यांत भरतो, तेव्हा त्याचं स्वतःचंच खोगीर त्याला दाटायला लागतं. म्हणून अशा घोड्यासाठी पुढची पट्टी बदलून रुंदी कमी-जास्त करता येणारं सिंथेटिक खोगीर मला पहिल्या वर्षी जास्त शहाणपणाचं वाटतं.

त्याला आणखी एक कारण आहे, पुण्याचा पावसाळा. जुलैत चामड्याचं खोगीर चार दिवस बंद खोलीत राहिलं की शिवणीच्या कडेने हिरवट पांढरी बुरशी धरते. दर वापरानंतर ओल्या फडक्याने घाम पुसायचा, ग्लिसरीन साबण लावायचा, सावलीत वाळवायचं, अधूनमधून तेल द्यायचं. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवलं तर चामडं तडकतं. सिंथेटिक धुऊन टांगलं की झालं, वजनालाही हलकं. पण चामडं वर्षानुवर्षं टिकतं, दुरुस्त होतं आणि विकायला काढलं तर किंमत येते. रोज स्वार होणार असाल, निगा राखायला माणूस असेल आणि घोड्याचं अंग स्थिरावलं असेल तर चामडंच घ्या.

चामड्यात नवं घ्यायचं तर परदेशी मागवण्याआधी कानपूरचं पाहा. घोड्याच्या सामानाचं ते देशातलं मोठं केंद्र, तिथल्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही आहे आणि माल परदेशात जातो. प्रत मात्र एकसारखी नसते, म्हणून फोटोवर भुलू नका. परत घेण्याची अट लेखी घ्या.

जुनं चांगलं खोगीर हलक्या प्रतीच्या नव्यापेक्षा बरं, पण आतला सांगाडा मोडलेला नसेल तरच. पाहायची पद्धत अशी: खोगिराची मागची कड पोटाशी धरा, पुढची कमान दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा. मध्ये वाकून सुरकुती पडली, करकर आवाज आला किंवा एक बाजू जास्त वाकली तर खाली ठेवा, कितीही स्वस्त असो. मग उलटं करून गाद्या दाबा, गाठी लागतात का ते बघा. तंग म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणारा पट्टा; तो ज्यांना अडकवतात ते पट्टे वर जिथे शिवलेले असतात तिथे नखाने दोरा उचकटून पाहा. असा पट्टा दौडीत तुटला तर खोगिरासकट खाली येता.

पाठीवर ठेवल्यावर नमद्याशिवाय तपासा. उंचवटा आणि कमान यांच्यात दोन-तीन बोटं जागा, मधल्या खाचेतून मणक्यावर उजेड आरपार दिसला पाहिजे, मागची कड शेवटच्या बरगडीच्या मागे, शेपटीकडे जाता कामा नये. अर्धा तास स्वारी करून काढलं की घामाचा डाग बघा. सगळीकडे ओलं आणि मधेच हाताएवढा कोरडा पट्टा, म्हणजे तिथे दाब पडतोय. पुढे त्या जागी जखम होते, नाहीतर पांढरे केस येतात. जाड नमदा घालून हे झाकू नका.

म्होरकी, दोर, लगाम

नायलॉनची म्होरकी स्वस्त, रंगीत आणि न तुटणारी. न तुटणं हाच तिचा धोका. घोडा दचकून मागे ओढतो तेव्हा काहीतरी तुटायलाच हवं, नाहीतर मान दुखावते. चामड्याची असेल तर ती तुटते. नायलॉनचीच घेतली तर भिंतीतल्या कडीत सुतळीचा फास घालून दोर त्या फासाला बांधा, आणि रात्री तोंडावर ठेवू नका. दोर सुतीच. नायलॉनचा हातातून सुटला की तळहात भाजतो.

लगामात साधं, जोडाचं, गुळगुळीत स्नॅफल (घोड्याच्या तोंडात राहणारी, मधे सांधा असलेली धातूची दांडी) पुरतं. माप घोड्याच्या तोंडाचं घ्या. सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणताना सोबत काटेरी लगाम मिळाला तर तो वापरू नका. काटे असलेला लगाम जनावरांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंद आहे, आणि जीभ-हिरड्या फाडणाऱ्या लगामाने घोडा ऐकत नाही, घाबरतो.

रोजचं

लोखंडी खरारा की रबरी? रबरी. लोखंडी ठेवायचा तो ब्रश झाडायला. तोंडावर आणि गुडघ्यांखाली, जिथे हाड कातडीलगत असतं, तिथे कोणताच खरारा लावायचा नाही. खूर साफ करायची आकडी दोन घ्या, एक हरवतेच. टाचेकडून पुढे ओढत जायचं आणि मधल्या त्रिकोणी मऊ भागाला जपायचं. पावसाळ्यात त्याच्या खाचेत काळपट, कुजका वास येणारा लगदा दिसला तर खूर कुजायला लागलाय, नालबंदाला लगेच दाखवा. एरवीही तो सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा.

स्वतःच्या तबेल्यात खाली पेंढा की भुसा? आपल्या हवेत पेंढा जूनपासून दमट होतो, बुरशी धरतो, घोडा खोकतो. रबरी मॅट आणि तिच्यावर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधले रंध्याचे पापुद्रे हे मला जास्त पटतं. प्लायवुडचा बारीक भुसा नको, त्यात गोंद असतो आणि धूळ नाकात जाते.

थंडीची झूल टाळा. पुण्याच्या डिसेंबरला अंगावरचे केस न कातरलेल्या, निरोगी घोड्याचे स्वतःचे केस पुरतात. ते पैसे माशांपासून वाचवणाऱ्या जाळीच्या मुखपट्टीवर घाला.

औषधांच्या पेटीत सलाइन, पोव्हिडोन आयोडीन, कापूस, रुंद पट्ट्या, बोथट टोकाची कात्री आणि थर्मामीटर. धनुर्वाताची लस झालीय का ते घोडा घेतानाच विचारा, घोड्याला तो फार लवकर होतो. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा कागदही मागा. थर्मामीटर डिजिटल घ्या आणि त्याला दोरा बांधा. निरोगी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असतं. पहिला आठवडाभर रोज सकाळी, काम करवून घेण्याआधी, ते घेऊन वहीत लिहा, म्हणजे एखाद्या रात्री डॉक्टरांना फोन करावा लागला तर त्याचं नेहमीचं किती आणि आत्ताचं किती हे सांगता येईल.