मोठा मासा काढायचा तर पैसे आधी कशात घालावे: रॉड, रील का दोरी?

मासेमारीचे व्हिडिओ गेम, फिशिंग प्लॅनेट असो का रशियन फिशिंग 4, आमच्याकडचे पोट्टे एक लेव्हल वर सरकले की दुकानातली सगळ्यात जाड रॉड उचलतात आणि पैसे तिथंच संपतात, रील जुनीच, दोरी जुनीच, आणि मंग विचारतात भाऊ मासा लागतो पण निघत काऊन नाही. म्हणून रॉड-रील-दोरीचे तीन जोड समोरासमोर ठेवतो. आकडे मी हिशेबापुरते धरलेत, तुमच्या दुकानातले वेगळे असतील.

त्याआधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की 20 किलोच्या माशाले 20 किलोची दोरी पाह्यजे. पाण्यात मासा आपलं पूर्ण वजन दोरीवर टाकतच नाही, आणि तो पळाला तरी दोरीवर ताण येतो तो तुम्ही ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, जितका कसला साधारण तितकाच, त्याच्यावर जोर गेला की रील दोरी सोडते. खऱ्या मासेमारीत आयजीएफए नावाची 1939 पासूनची संस्था जगभरचे रेकॉर्ड ठेवते, तिथं दोरीच्या ताकदीच्या दहापट वजनाचा मासा काढणाऱ्यांसाठी वेगळा क्लबच आहे. म्हणजे 4 किलोच्या दोरीवर 40 किलोचा मासा. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर बांबूची काठी घेऊन गरी टाकणाऱ्याजवळ ड्रॅगची ही सोय नसते, कतला लागला तर बांबू वाकेल तितकाच आधार, बाकी काठाकाठानं माशासंग पळा. गेममध्ये सुरुवातीले मिळणारी बिनरीलची टेलिस्कोपिक काठी तशीच, तिच्यावर मोठ्या माशाची आशाच करू नका.

आता पहिला जोड: रॉड 14 किलो ताण झेलणारी, रीलचा ड्रॅग 5, दोरी 7. दिसायला रुबाबदार, पण ताकद किती तर 5 किलो, कारण रील तितकंच धरते, वरच्या 9 किलोचे पैसे तुम्ही उगाच भरले. बैलजोडीत एक बैल दमला तर दुसरा कितीही दांडगा असो, बंडी त्या दमलेल्याच्याच चालीनं जाते. वरून जाड रॉडनं हलका लूर, म्हणजे नकली चारा, लांब जात नाही, म्हणजे छोटे मासे धरून पैसे जमवायचा रस्ताही कमी झाला.

दुसरा जोड: दोरी 15 किलोची, रॉड 7, रील 5. दोरी तुटतच नाही म्हणून हा लय जणांले आवडतो, आणि मला सगळ्यात महाग हाच वाटतो. हूक खाली लाकडात अडकला, तुम्ही ड्रॅग पूर्ण कसून ओढत बसले, तर दोरी तुटणार नाही हे खरं पण मंग तुटणार काय, रॉड नाहीतर रील, आणि दुरुस्तीचा खर्च दोरीच्या कितीतरी वर. शिवाय जाड दोरी स्पूलवर, म्हणजे रीलच्या दोरी गुंडाळायच्या चकरीवर, मावत नाही. 0.30 मिमीची 200 मीटर मावते त्याच स्पूलवर 0.60 मिमीची साधारण 50 मीटरच मावेल, कारण जाडी दुप्पट झाली की जागा चौपट लागते. मोठा मासा एका दमात तेवढी दोरी घेऊन जातो आणि स्पूल रिकामं झालं की खेळ खलास, 15 किलोची ताकद काय चाटायची बाप्पा.

तिसरा जोड: रॉड 12, दोरी 10, रीलचा ड्रॅग 8. रॉड सगळ्यात वर, दोरी मधात, रील खाली. चुकून ड्रॅग शेवटपर्यंत कसला गेला तरी दोरी आणि रॉड दोन्ही आपल्या हद्दीत राहतात, फक्त रीलवर लक्ष ठेवा, शेवटचे एक-दोन पॉइंट सोडूनच खेळायचं कारण पूर्ण कसलेल्या रीलवर मोठा मासा ओढला की झीज रीलचीच होते आणि रशियन फिशिंग 4 मध्ये तर ती झीज खिशाले जाणवते. याच जोडात काही जुने खेळाडू उलट करतात, रील 11 ची आणि दोरी 9 ची. त्यात मासा लाकडाच्या गचपणात घुसायला लागला तर जरा जास्त जोर लावता येतो आणि तुटलंच तर दोरी आणि लूरवर भागतं. पण त्याले बोटावर ताबा पाह्यजे, सारखं ड्रॅग कमी-जास्त करता आलं पाह्यजे. नवीन असाल तर रील खाली ठेवा. हात बसला की मंग बदला.

ड्रॅग किती ठेवायचा यावर लय वाद आहेत. खऱ्या पाण्यात दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शावर ठेवतात, कारण गाठीवर दोरी कमजोर पडते, रॉडच्या कड्यांत घासते, वरून माशाचा अचानक झटका. गेममध्ये गाठ आपण बांधत नाही, म्हणून निम्म्याच्या थोडं वर गेलं तरी चालतं, मी 10 च्या दोरीवर 6 च्या आसपास सुरू करतो. फिशिंग प्लॅनेटमध्ये रॉड, रील, दोरी तिघांचा ताण स्क्रीनवर दिसतो, जे आधी लाल होते ते तुमच्या जोडातलं कमजोर, पुढचे पैसे त्यातच घाला. इतकं सरळ आहे पण लोक तिकडं पाहतच नाहीत, माशाकडंच पाहतात.

दोरीत साधा तंगूस, म्हणजे मोनो, स्वस्त आणि ताणला की लांबतो, त्यामुळं झटका पिऊन घेतो. ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी, जवळजवळ लांबतच नाही, पण तितक्याच ताकदीत लय बारीक, म्हणून स्पूलवर भरपूर मावते. मोठ्या माशासाठी मी ब्रेडेडच म्हणेन, फक्त मासा काठाजवळ आला की ड्रॅग दोन पॉइंट ढिला करा, शेवटचा झटका तिथंच बसतो आणि दोरी लांबत नाही म्हणून तो सरळ हूकवर जातो. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतो आणि बुडतो, त्याले लीडर, म्हणजे हूकाजवळचा छोटा तुकडा, म्हणून ठेवा, पूर्ण स्पूल भरण्यात मला काही अर्थ दिसत नाही. आणि पाईक, गार असल्या दातवाल्या माशांले स्टील नाहीतर टायटॅनियमचाच लीडर. त्याची ताकदही पाहा, 10 च्या दोरीले 5 चा लीडर लावला तर तुमचा पूर्ण जोड 5 चा झाला ना राजेहो.

स्पिनिंग का कास्टिंग? जड कामाले कास्टिंग रील, हलक्या लूरले स्पिनिंग. कास्टिंग रील घेतली तर रॉडही कास्टिंगचीच घ्यावी लागते, म्हणजे खर्च डबल, एकच सेट परवडत असेल तर स्पिनिंगवरच राहा. रीलचा गिअर रेशोही पाहा, 5.2:1 म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलवर दोरीचे 5.2 वेढे, हा आकडा मोठा तितकी दोरी भरभर येते पण ओढायचा जोर कमी. तळाशी बसणाऱ्या जड माशाले कमी आकड्याची रील बरी.

कोणत्या पाण्यासाठी घेता त्यावरही आहे. फिशिंग प्लॅनेटचा टेक्सासमधला लोन स्टार लेक हा नवशिक्यांचा, तिथं 12 किलोची रॉड म्हणजे पैशाची नासाडी, तिथून पैसे जमवा. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन डेल्टात पांढऱ्या स्टर्जनवर जायचं असेल, जो उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा मासा, तर वरचा तिसरा, 12 च्या रॉडचा जोडही कमी पडतो, मंग तिन्ही आकडे त्याच प्रमाणात वर न्या. रशियन फिशिंग 4 मध्ये व्होल्गाचा फाटा असलेल्या अख्तुबावर मोठ्या कॅटफिशसाठीही तसंच, आणि तिथं एका नगापेक्षा पूर्ण सेटचे पैसे जमेपर्यंत थांबलेलं बरं.

थांबणं होत नसेल आणि आज एकच वस्तू घ्यायची असेल तर रील घ्या, ड्रॅग जास्त आणि स्पूल मोठं असलेली, पण ड्रॅग सध्याच्या दोरीच्या ताकदीखालीच लावून खेळा. मंग ब्रेडेड दोरी, रॉड सगळ्यात शेवटी. फोनवर खेळणाऱ्यांनी आणखी एक पाहावं, आमच्यासारखी तुमच्याकडं संध्याकाळी लाइट जात असेल आणि नेट अध्येमध्ये तुटत असेल तर हलक्या सेटवर तासभर झुंजण्यापेक्षा एक पायरी जड सेट ठेवा, मासा लवकर काठाले येतो, दोरी जाड दिसल्यानं चावे थोडे कमी झाले तर होऊ द्या.