आपल्या माणसांकडून आपलं आयुष्य लिहून घ्यायचंय: कोल्हापुरात एक दिवसाचं शिबिर घ्यावं की आठवड्याची बैठक?

पेठेतल्या माणसांनी स्वतःबद्दल लिहावं म्हणून कार्यशाळा घ्यायची म्हटलं की दोन पर्याय समोर येतात. एक, रविवारी दिवसभराचं शिबिर. दुसरा, सहा-आठ आठवडे दर आठवड्याला दोन तासांची बैठक. माझा कौल बैठकीला आहे.

शिबिराची सोय मोठी आहे, हे मान्यच. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन म्हटलं की पत्ता समजावावा लागत नाही. गारगोटी किंवा गडहिंग्लजहून येणाऱ्याला एसटीची एक फेरी जमते, दर आठवड्याला नाही जमत. पण वेळेचा हिशोब मांडून बघा. चाळीस जण आले आणि प्रत्येकाला वाचायला पाचच मिनिटं दिली, तरी २०० मिनिटं नुसत्या वाचनात जातात. मग होतं काय, तर चार धीट लोक वाचतात आणि बाकीचे टाळ्या वाजवून घरी जातात. ‘आमचं काय लिहिण्यासारखं?’ म्हणणारी बाई तशीच परत जाते, आणि खरं तर सगळा खटाटोप तिच्यासाठी असतो.

बैठकीत बारा जण असले तर तासाभरात सगळ्यांचं वाचून होतं, लिहायला अख्खा तास उरतो. शिवाय पुन्हा विचारता येतं, आणि माझ्या लेखी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. २०१९चा महापूर हा विषय द्या. पहिल्या दिवशी बहुतेक जण बातमी लिहितात: पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, होत्याचं नव्हतं झालं. शिबिर इथंच संपतं. बैठकीत पुढच्या आठवड्यात विचारायचं, पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आधी हातात काय घेतलंत? मग रेशनकार्ड आणि पोरीचा दाखला पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकल्याचं आठवतं, म्हशीचं दावं सोडायला परत पाण्यात उतरल्याचं आठवतं. लिखाण तिथून सुरू होतं.

लाल पेन मात्र दोन्हीकडे घरी ठेवा. आमच्या भागातली आजी ‘मी गेलो’ म्हणते, तसंच लिहू दे.

घरातल्या गोष्टी निघाल्या की भाऊबंदकी येते, सासर येतं, कधी रडूही येतं. चाळीस जणांसमोर ते सावरणं अवघड. लहान गटात पहिल्याच दिवशी ठरवून टाकता येतं: वहीचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअॅपवर काही टाकायचं नाही.

बैठकीचा खरा धोका गळतीचा. गणपतीत कुणी येत नाही. उसाला तोड आली की शेतकरी फडातून हलत नाही, म्हणून खेड्यात घेणार असाल तर गळीत हंगाम टाळा. उद्यमनगरातल्या कामगारांना त्यांच्या सुट्टीचा वार आधी विचारा. जागा शक्यतो वाचनालयाची किंवा शाळेची घ्या. तालमीत बायका यायला बिचकतात.

आणि हातात एकच दिवस असेल तर पंधरा जणांनाच बोलवा. उद्घाटन, हार-तुरे, पाहुण्यांचं भाषण, प्रमाणपत्रं सगळं गाळा. सकाळी एकदा लिहून घ्या आणि जेवणानंतर त्याच प्रसंगावर पुन्हा लिहायला लावा.