ठाण्यात फोन ते प्रोजेक्टर केबल मापाने बनवून घेतली, त्याचा रिव्ह्यू

फोनची स्क्रीन प्रोजेक्टरवर दाखवायचीये आणि बाजारातली तयार केबल कुठे ना कुठे अडतेय, असं ज्यांचं होतंय त्यांच्यासाठी लिहितेय. ठाणे वेस्टला जांभळी नाक्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये एक अगदी छोटं केबल रिपेअरिंगचं दुकान आहे, पुढे एक काउंटर, मागे वायरींचे रोल, बोर्डावरची अक्षरं पुसलेली. दुकानाचं नाव इथे टाकत नाहीये कारण दुकानवाल्या काकांनीच सांगितलं की मॅडम नाव टाकू नका, आहे तेच काम उरकत नाही. पण काम इतकं मनापासून केलेलं आहे की त्याबद्दल नीट लिहायलाच हवं असं मला वाटलं.

माझे कळव्याला नववी-दहावीचे सायन्सचे क्लास आहेत. वर्गात छताला जुना प्रोजेक्टर टांगलेला आहे, त्याला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचं, १५ पिनांचं) पोर्ट, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८, पण लॅम्प चांगला आहे आणि चित्र स्वच्छ येतं म्हणून बदलायची इच्छा नाही. मला लॅपटॉप नको होता, मला फोनच जोडायचा होता, कारण मी फोन स्टँडवर उलटा लावते आणि टेबलावर जे करते ते कॅमेऱ्यातून थेट पडद्यावर दाखवते. विद्युतधारेचे परिणाम शिकवताना कागदाखाली चुंबक धरून वर लोहकीस टाकला की मागच्या बाकावरच्या मुलाला काय दिसणार? काहीच नाही. पडद्यावर तोच कीस हाताएवढा मोठा दिसतो आणि टिचकी मारली की रेषा कशा जुळत जातात ते सगळ्या वर्गाला एकदम दिसतं. हे वायरलेसवर करून बघितलेलं आहे, होतं पण मागून येतं, माझा हात आधी हलतो आणि पडद्यावर नंतर, मुलं हाताकडे बघू का पडद्याकडे या गोंधळात पडतात, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये इतके वायफाय आहेत की मधेच चित्र अडकतं ते वेगळंच. म्हणून केबलच हवी होती.

आता अडचण अशी की प्रोजेक्टरपासून टेबलापर्यंत भिंतीत कन्सील पाईप टाकलेला आहे २० एमएमचा, मधे दोन बेंड. तयार व्हीजीए केबलचं तोंड त्यातून जात नाही, एचडीएमआयचं सुद्धा जात नाही. म्हणजे नुसती वायर पाईपमधून ओढून घ्यायची आणि तोंड नंतर जोडायचं हाच मार्ग. दोन-तीन दुकानांत विचारलं तर सगळे म्हणाले पट्टी मारा भिंतीवरून. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने या काकांचं नाव सुचवलं.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की काकांनी वायरचा विषयच आधी काढला नाही. पहिला प्रश्न, फोन कुठला. दुसरा, प्रोजेक्टरच्या पाठीचा फोटो आहे का. फोन हातात घेतला, स्वतःच्या ड्रॉवरमधला एक टाईप सी ते एचडीएमआय अॅडॉप्टर काढला, दुकानातल्या छोट्या मॉनिटरला लावला आणि चित्र येतंय हे आधी बघितलं, मग म्हणाले चला, आता बोलू. माझ्याकडे गॅलॅक्सी एस २० एफई आहे, त्यातून येतं. पण सगळ्या टाईप सी फोनमधून येत नाही आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पोर्टचा आकार सारखा असला तरी आतल्या २४ पिनांपैकी कंपनीने काय काय जोडलंय त्यावर सगळं आहे, चित्र बाहेर काढायला फोनमध्ये डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड लागतो, तो २०१४ साली आला पण आजही स्वस्त फोनमध्ये बहुतेक वेळा नसतो, तिथे पोर्ट फक्त चार्जिंग आणि साध्या यूएसबी २ डेटापुरता असतो. सॅमसंगच्या एस सिरीजमध्ये असतो, आयफोनला १५ पासून टाईप सी आला त्यातूनही चित्र निघतं. मी तिथे असतानाच एक मुलगा साधा फोन घेऊन आला होता, पैसे देतो पण केबल बनवून द्या म्हणाला, काकांनी सरळ नाही सांगितलं, की बाळा तुझ्या फोनमधून चित्र बाहेरच येत नाही तर मी वायरीत कुठून आणू. मग त्याला समजावलं की डिस्प्लेलिंकचा अॅडॉप्टर मिळतो, तो अॅप टाकून चालतो, स्क्रीन पकडून यूएसबीतून पाठवतो, पण थोडा मागे पडतो, प्रेझेंटेशनला ठीक आहे. एक रुपया न घेता पाठवला त्याला. ज्या माणसाला नाही म्हणता येतं त्याच्या हो वर माझा विश्वास बसतो, तिथेच मी काम द्यायचं ठरवलं.

मी विचारलं की एचडीएमआयच का नाही टाकायची, पुढे प्रोजेक्टर बदलला तर उपयोगी पडेल. त्यांचं उत्तर मला पटलं. एचडीएमआयमध्ये १९ पिना असतात आणि चित्राचा डेटा पीळ दिलेल्या जोड्यांमधून जातो, फुल एचडीला एकेका जोडीतून सेकंदाला जवळपास दीड अब्ज बिट. हाताने सोल्डर करताना तो पीळ जरा जास्त सुटला किंवा शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) नीट बसली नाही की चित्रात ठिपके चमकायला लागतात नाहीतर चित्रच जातं. घरगुती हाताने ते करायचं काम नाही, मी करत नाही असं स्पष्ट म्हणाले. व्हीजीए १९८७ पासूनचं आणि अॅनालॉग, हाताने जोडलेलं सहन करतं, पण वायर योग्य हवी. म्हणून ठरलं असं की फोन ते एचडीएमआय आणि एचडीएमआय ते व्हीजीए हे दोन्ही तयार अॅडॉप्टर टेबलापाशी राहतील आणि पाईपमधली मोठी व्हीजीए केबल काका बनवतील. एचडीएमआय डिजिटल आणि व्हीजीए अॅनालॉग असल्यामुळे मधे कन्व्हर्टर लागतोच, त्यात चिप असते, नुसत्या वायरी जोडून ते होत नाही. बाजारात अगदी स्वस्तात नुसती एचडीएमआय-व्हीजीए केबल मिळते ती बघून कोणी घेऊ नका, आत चिप आहे का ते विचारा.

वायर त्यांनी दाखवली ती मी कापून बघितली. लाल, हिरवा, निळा या तिघांसाठी आत वेगवेगळी बारीक कोॲक्स, म्हणजे मधे एक तार आणि तिच्याभोवती प्रत्येकीला स्वतःची जाळी, ७५ ओहमची, आणि सिंक (चित्र जागच्या जागी जुळवून ठेवणारे सिग्नल) वगैरेसाठी बाजूला साध्या बारीक तारा. साधी मल्टीकोअर वायर वापरली तर दहा-बारा मीटरला अक्षरांच्या बाजूला सावली दिसायला लागते. एक टोक दुकानात केलं. पुठ्ठ्यावर १५ पिनांची जागा पेनाने काढलेली, त्यावर नंबर, एक दोन तीन म्हणजे लाल हिरवा निळा, सहा सात आठ त्यांचे ग्राउंड, तेरा चौदा सिंक. जाळी सोडवून तिला पीळ द्यायचा, त्यावर श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवायची, मग पिनेच्या खोलगट भागात आधी सोल्डर भरायचं आणि तार त्यात बुडवायची. एकेक जोड झाला की मल्टिमीटरची बीप, आणि शेजारच्या पिनेला लागून बीप येत नाही ना हे पण. घाई नाही, बोलणं नाही.

बारा आणि पंधरा या दोन पिना मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. चित्राचा यांच्याशी थेट संबंध नाही म्हणून बरेच जण सोडून देतात, स्वस्तातल्या केबलमध्ये पण कधीकधी नसतात. या तारांवरून प्रोजेक्टर समोरच्याला सांगतो की मी कोण, मला किती रिझोल्यूशन चालतं. त्या नसल्या तर कन्व्हर्टरला काही कळत नाही आणि तो आपल्या मनाने काहीतरी पाठवतो, मग चित्र कमी रिझोल्यूशनचं येतं किंवा प्रोजेक्टर घेतच नाही. काकांनी मला त्या दोन तारा न जोडता आणि जोडून दोन्ही दाखवलं. जोडल्यावर १०२४ बाय ७६८ आपोआप आलं.

रविवारी स्वतः कळव्याला आले. इलेक्ट्रिशियनने वायर ओढून ठेवली होती, दुसरं टोक त्यांनी तिथे टेबलावर बसून केलं. लावलं तर पडदा पिवळा! सगळं पांढरं पिवळं दिसत होतं. मी घाबरले, काका लगेच म्हणाले निळी गेली, तीन नंबर. हूड (तोंडावरचं कव्हर) उघडला, तीन नंबरची तार वरवर चिकटली होती, सोल्डर आत घेतलंच नव्हतं. पुन्हा गरम केलं, चित्र पांढरं झालं. क्लासची दोन मुलं खुर्च्या लावायला आलेली होती, त्यांना मी तिथेच विचारलं की निळा गेल्यावर पिवळा का दिसला, आणि लाल अधिक हिरवा हे उत्तर पण आलं. मग काकांनी उत्साहाने हिरवी काढून दाखवली, पडदा एकदम राणी कलरचा. इतका छान प्रयोग मला सुचला नसता, आता मी तो दरवर्षी दाखवणार आहे.

आवाज व्हीजीएतून जात नाही हे लक्षात घ्या, कन्व्हर्टरला ३.५ एमएमचा जॅक असतो तिथून स्पीकरला वेगळी वायर न्यावी लागते. माझा स्पीकर टेबलापाशीच आहे त्यामुळे प्रश्न नव्हता, पण फोन चार्जिंगला लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज यायचा. हा ग्राउंड लूपचा आवाज, चार्जर आणि स्पीकर दोन्ही मेनवर असल्यामुळे. त्यासाठी मधे एक छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर लावला, आत ट्रान्सफॉर्मर असतो, आवाज पूर्ण बंद. अॅडॉप्टर मात्र चार्जिंगचं पोर्ट असलेलाच घ्या, कारण अॅडॉप्टर आणि कन्व्हर्टर दोन्ही फोनच्या बॅटरीवर चालतात आणि त्यात कॅमेरा चालू, लागोपाठच्या बॅचेसना बॅटरी टिकत नाही.

सोसायटीत पिक्चर दाखवायला असं काही करायचा विचार असेल तर थांबा. ओटीटी अॅपमध्ये कॉपी प्रोटेक्शन असतं, ते व्हीजीएवर चालत नाही, पडदा काळा राहतो किंवा अॅप एरर देतं. हा केबलचा दोष नाही, कोणीही बनवली तरी हेच होणार. स्वतःचे फोटो, व्हिडिओ, कॅमेरा, साधं यूट्यूब, पीपीटी हे सगळं व्यवस्थित चालतं. फोन आडवा धरा, उभा ठेवला तर मधे बारीक पट्टीत चित्र येतं.

खर्च सांगते. वायर, दोन तोंडं आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत, कळव्याला यायचे त्यांनी रिक्षाभाड्याइतकेच घेतले. अॅडॉप्टर, कन्व्हर्टर आणि आयसोलेटर मी वेगळे घेतले, ते धरून साडेतीन-चार हजारांत सगळं बसलं. नवीन प्रोजेक्टरच्या किमतीपुढे हे काहीच नाही.

नावडलेलं पण लिहिते. दिलेली तारीख पाळत नाहीत, परवा म्हणाले की पुढचा आठवडा धरा. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं आणि त्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही, स्टेशनवरून चालतच जा. पक्कं बिल मिळत नाही, शाळा किंवा ऑफिससाठी काम करून घेणार असाल तर हे आधी बोलून घ्या. वॉरंटी तोंडी आहे, बिघडलं तर घेऊन या म्हणाले. हूडपाशी केबल जरा जास्तच ताठ झालीये, टेबलाच्या कडेला वाकवताना ताण येतो, तिथे मी भिंतीला क्लॅम्प मारून घेतला. ही गोष्ट त्यांनीच करून द्यायला हवी होती असं मला वाटतं आणि मी त्यांना तसं सांगितलं, पुढच्या वेळी तोंडापाशी लवचिक स्लीव्ह घालतो म्हणाले.

शाळेचा पूर्ण सीझन केबल रोज चालली, एकदाही चित्र गेलं नाही. भिंगांच्या धड्याला मेणबत्तीची उलटी प्रतिमा कागदावर पाडून ती कॅमेऱ्यातून दाखवली तेव्हा ज्योत हलताना सुद्धा मागे पडत नव्हती, यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

जाणार असाल तर चारनंतर जा, सकाळी दुकान उशिरा उघडतं. जो फोन लावणार तोच बरोबर न्या, प्रोजेक्टरच्या मागच्या सगळ्या पोर्टचा आणि मॉडेलच्या स्टिकरचा फोटो काढून न्या, आणि भिंतीतून वायर जाणार असेल तर अंतर दोरीने पाईपच्या मार्गाने मोजा, बेंड धरून, वर मीटरभर जास्त सांगा.