शिलाईच्या दुकानातला रेडिओ: सहा वर्षांनंतर

सांगलीत विश्रामबागला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. एक खोली, दोन शिलाई मशीन, एक इंटरलॉक. 2019च्या दिवाळीआधी दुकानासाठी रेडिओ घेतला, त्याबद्दल लिहिते. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच काळा चौकोनी साचा वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलेला मी पाहिला आहे. साडेनऊशे रुपये पडले. एफएम, मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह असे तीन बँड, फिरवायचं चाक, मागे दोन मोठे सेल. वायर लावून विजेवरही चालतो.

आवाज एका खोलीला भरपूर होतो. तबल्याचा डग्गा नीट ऐकू येत नाही, पण माणसाचा गळा, पेटी, बासरी स्वच्छ येते. मला तेवढंच हवं होतं. रोज पाच-सहा तास वाजतो आणि सेल महिना-सव्वा महिना जातात.

घेणाऱ्याने एकच गोष्ट बघून घ्यावी, ती म्हणजे मिडियम वेव्ह. आता पुष्कळ सेटमध्ये नुसतं एफएम असतं. मोबाइलमधल्या रेडिओतही तेच. आमचं सांगली आकाशवाणी केंद्र 1963 सालचं, आणि ते मी 1251 किलोहर्ट्झला मिडियम वेव्हवर लावते. जुन्या भावगीतांसाठी माझा काटा तिथेच असतो.

पण शिवणकाम करणाऱ्यांना मिडियम वेव्हचा एक त्रास होतो. मशीनच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात. पायडल दाबलं की त्यांच्या बारीक ठिणग्या उडतात आणि त्या सगळ्या रेडिओत खरखर होऊन ऐकू येतात. पहिले पंधरा दिवस मी वैतागले होते, सेट परत करायचं ठरवलं होतं. मग मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या मिस्त्रींनी सांगितलं, ताई, रेडिओ फिरवून बघा. वरची लांब होणारी एरियल मिडियम वेव्हला लागत नाही. त्यासाठी आत फेराइटची एक कांडी आडवी बसवलेली असते. केंद्र तिच्या आडव्या बाजूने चांगलं येतं आणि टोकाच्या दिशेने आलेलं काहीही दबतं. त्या कांडीचं टोक मशीनकडे येईल असा सेट वळवला, मशीनपासून चार हात लांब फळीवर ठेवला, आणि खरखर निम्म्याहून कमी झाली. दुकानातला एक एलईडी दिवासुद्धा आवाज करत होता, तो बदलला. विजेच्या वायरवर लावला की मिडियम वेव्हला घूं असा आवाज येतो, म्हणून मी सेलच वापरते.

हे एवढं सविस्तर सांगते आहे, त्याला कारण आहे.

गेल्या वैशाखात लग्नसराईचं काम होतं. रेडिओच्या दुपारच्या प्रसारणात गाणी चालू होती. मी अस्तर जोडत होते, पाय पायडलवर. एक जुनं गाणं सुरू झालं आणि त्यात खरखर. वाटलं, कोणीतरी सेट हलवला. पाय काढला, मशीन थांबलं. खरखर तशीच. ती माझ्या मोटरची नव्हती, मूळ तबकडीची होती. आणि त्या खरखरीतून सरळ, मोकळा पुरुषी आवाज येत होता: ‘रानारानांत गेली बाई शीळ’.

माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं मेहकर. पैनगंगेकाठचं, शारंगधर बालाजीचं. या गाण्याचे कवी ना. घ. देशपांडे आमच्या मेहकरचे. गावात वकिली करायचे. बाबा त्यांना लांबून नमस्कार करायचे आणि आम्हा मुलांना सांगायचे, हे गाणं लिहिणारे ते हेच. मला लहानपणी ते खरंच वाटायचं नाही. रेडिओवरचं गाणं लिहिणारा माणूस आपल्या गावच्या रस्त्याने चालत जातो, हे कसं असेल? लग्न होऊन सांगलीला आले त्याला तीस वर्षं होतील. इथे मेहकर म्हटलं की लोक विचारतात, ते कुठे आलं?

जी. एन. जोशी यांनी ते 1930च्या दशकात गायलं. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची, म्हणून या काळातली गाणी एवढीच असतात. एरवी तेवढ्या वेळात माझे चार हुक लावून होतात. त्या दिवशी हातातलं अस्तर मांडीवर तसंच राहिलं. गाणं संपल्यावर निवेदिकेने शांतपणे कवीचं आणि गायकाचं नाव सांगितलं, घाई न करता, दोन्ही पूर्ण. ‘ना. घ. देशपांडे’ हे नाव माझ्या दुकानात, सांगलीत, मोठ्याने उच्चारलं गेलं. समोर ब्लाउज घ्यायला आलेल्या काकू उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, हे आमच्या गावचे. त्या म्हणाल्या, “मग आवाज मोठा करायचा होतास की गं.”

रात्री आईला फोन केला. तिचं पहिलं विचारणं, “पुरतं ऐकलंस का?” मग तिनेच फोनवर म्हणून दाखवलं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. हे गाणं तिने त्यांच्यासमोर म्हटलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

मुलगा म्हणतो, मोबाइलवर टाइप कर, हवं तेव्हा लाव. लावलं मी, दुसऱ्याच दिवशी. गाणं तेच, आवाज जास्त स्वच्छ. पण मी ते शोधलं होतं, ते मला येऊन भेटलं नव्हतं. शिवाय आमचे हात गुंतलेले असतात. एका हातात कापड, तोंडात टाचण्या, अशात गाणं निवडत कोण बसणार? रेडिओवर दुसरं कोणी निवडतं आणि आपण काम करत राहतो. मोबाइलवर मी नेहमी त्याच वीस गाण्यांत फिरते. रेडिओने मला भावगीतं गाणाऱ्या मालती पांडे पुन्हा दिल्या, गजानन वाटवे दिले. गाण्याआधी-नंतर गीतकार, संगीतकार, गायक अशी नावं घेण्याची आकाशवाणीची रीत मला फार मोलाची वाटते. या सहा वर्षांत कितीतरी नावं अशी कानावरून पक्की झाली.

धारवाड केंद्रही इथे छान लागतं, 765 किलोहर्ट्झला. कामाला येणारी मुलगी कर्नाटकातल्या अथणीकडची. तिचं काम कमी असलं की ती चाक तिकडे फिरवते. कन्नड भावगीतं मला शब्दांनी अर्धीच कळतात, पण चाली ओळखीच्या वाटतात. मिरजेकडच्या गिऱ्हाइकांपैकी दोघी-तिघी ती ऐकत बसून राहतात, ब्लाउज तयार असला तरी. दिवस मावळल्यावर मिडियम वेव्हवर लांबची केंद्रं एकमेकांवर चढतात, हे लक्षात ठेवा. संध्याकाळी सातनंतर काटा हळू फिरवावा लागतो.

सेटच्या उणिवाही सांगते. काट्याचे आकडे अंदाजाचे आहेत. माझ्याकडे 1251 हे 1300च्या जवळ लागतं, म्हणून तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. बँड बदलायचं बटण तिसऱ्या वर्षी सैल झालं, साठ रुपयांत नवीन बसवलं. एरियल बुडातून डुगडुगते. सेलच्या कप्प्याचं झाकण पातळ आहे, पहिल्याच पावसाळ्यात त्याचा खटका तुटला. मी त्याला इलास्टिक लावलं आहे, ब्लाउजच्या बाहीचंच, अर्धा इंची. पाच वर्षं झाली, अजून ढिलं पडलेलं नाही.