आमच्या तालुक्याचं यूट्यूब चॅनल: रेकॉर्डिंग चोख, थंबनेल बदला

कळंब तालुक्यातलं एक यूट्यूब चॅनल आमच्या घरी रोज रात्री लागतंच. चालवणारा पोरगा एकटा. मोटारसायकल, एक मोबाईल आणि चॅनलचं नाव चिकटवलेला बूम माईक, एवढंच त्याचं सामान. तक्रारही करायची आहे म्हणून नाव लिहीत नाही.

सगळ्यात मोलाचं म्हणजे ग्रामसभेचं रेकॉर्डिंग. कायद्यानं वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारीच्या सभेला आमचं निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं आणि पोरं चाकण-भोसरीला कंपनीत. हा भाऊ सभा सुरू झाल्यापासून सह्या होईपर्यंत सगळं न कापता टाकतो. उसाच्या फडावरची माणसं कोपीत, म्हणजे आपल्या झोपडीत, बसून बघतात आणि खाली लिहून विचारतात, ‘घरकुलाच्या यादीत आमचं नाव वाचलं का?’ पूर्वी हे त्यांना पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपून गावी परतल्यावर कळायचं. तोवर यादी मंजूर होऊन जायची. शिवाय पारावर कुणी ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणलं, की दुसरा कुणी आपला मोबाईल काढून व्हिडिओतलं तेवढं बोलणं ऐकवतो. मग वाद पुढं सरकतो.

दुसरं, तो रानात उतरतो. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मोठ्या चॅनलच्या गाड्या स्टेशनवर होत्या. आमच्या कोरड्या आडाकडं कुणी फिरकलं नाही. सप्टेंबर २०२५च्या पुरात मात्र हा पोरगा चिखल तुडवत माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या रानात पोचला. त्यांच्या हातात पहार दिली आणि मोबाईल जमिनीलगत धरला. जिथं कमरेएवढी काळी माती होती, तिथं पहार मारली की खडक खणखणतो. मागं बाभळीला ठिबकच्या नळ्यांचा गुंता. नुसती हळहळ वाटावी म्हणून हे दाखवलेलं नव्हतं. तेव्हाच्या सरकारी निकषात जिरायत पिकाच्या नुकसानीला हेक्टरी ८,५०० रुपये होते आणि खरडून गेलेल्या जमिनीला ४७,०००. पंचनाम्यात नोंद कुठं पडते, यावर सगळं असतं. रस्त्यावर उभं राहून तो फरक दिसत नाही. व्हिडिओ बघून आमच्या गावात ‘सोयाबीन गेलं’ हे बोलणं ‘जमीन गेली’वर आलं, आणि बाया तलाठ्याला म्हणाल्या, ‘साहेब, बांधावरून नको, आत चला.’

आता तक्रार. त्याच व्हिडिओत जाऊबाई मोटार, पाईपलाईन, माती, सगळ्याचा हिशोब सांगतात आणि शेवटी क्षणभर डोळ्याला पदर लावतात. थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओ उघडायच्या आधी दिसतं त्या चित्रावर, नेमका तोच क्षण, लाल बाण आणि ‘ढसाढसा रडली’! वर रडक्या सुरांचं संगीत. मग कमेंटमध्येही ‘माउली, रडू नका’ एवढंच. पंचनाम्याचं कुणी विचारलंच नाही. लोक कशावर बोलणार हे थंबनेलच ठरवतं, हे त्याला कळायला पाहिजे. जाऊबाईंनी तो फोटो बघितला आणि परत कॅमेऱ्यासमोर यायला ठाम नकार दिला. ज्या बाईनं सगळ्यात नेमकं सांगितलं, तिचा आवाज आपण असा घालवला. फार वाईट वाटलं.

पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छाही चालतात. पोट आहे, पेट्रोल आहे, मान्य. पण त्यावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहावं, म्हणजे त्याच पुढाऱ्याला उद्या प्रश्न विचारला की लोक विश्वास ठेवतील.

आणि भाऊ, अनुदान कुणाला मिळालं, कुणाचं राहिलं, हे बघायला परत त्या रानांत जा. तो व्हिडिओ अजून आलेला नाही.

पाचपैकी साडेतीन. नव्यानं बघणाऱ्यांनी थंबनेलकडं लक्ष देऊ नये. आधी ग्रामसभेची रेकॉर्डिंग काढावीत आणि आपल्या गावाचं नाव शोधावं. आणि गावाबाहेर असलात तर प्रश्न खाली जरूर लिहा, तो पुढच्या सभेत वाचून दाखवतो.