टेपर रोलर कोन सेट : हँडलच्या थरथरीवर कितपत उपयोगी?

जड टूरिंग मोटरसायकलचे हँडल थरथरू लागले की गॅरेजमध्ये बहुधा पहिला सल्ला मिळतो तो कोन सेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरते ती वरची-खालची बेअरिंग, बदलण्याचा, आणि अलीकडे त्याला जोडूनच असेही सांगितले जाते की मूळच्या गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी टेपर रोलरचा, म्हणजे एका टोकाला निमुळत्या रुळांचा, संच बसवा. असा संच मी माझ्या गाडीला बसवून घेतला आणि तो एकट्याने, मागे प्रवासी घेऊन, तसेच तिन्ही पेट्या भरून वापरून पाहिला. वस्तू उत्तम आहे. मात्र थरथरीचे कारण न शोधता ती बसवणे मला धोक्याचे वाटते.

गोळी आपल्या वाटीला (ज्या कड्यात ती फिरते त्याला) जवळजवळ एका बिंदूत टेकते, तर टेपर रोलर एका संपूर्ण रेषेत टेकतो. त्यामुळे तोच भार अधिक क्षेत्रावर वाटला जातो. ही रचना नवी नाही. हेन्री टिमकेन यांना तिचे पेटंट १८९८ मध्ये मिळाले आणि मोटारींच्या चाकांमध्ये ती दीर्घकाळ वापरात आहे. महामार्गावर तासन्तास हँडल जवळपास सरळच राहते, म्हणून गोळ्या त्याच त्या जागी बारीक हादरे सोसतात, त्यांच्याखालचे ग्रीस बाजूला सरकते आणि वाट्यांवर खाचा पडतात. पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल बोटाने हळूहळू फिरवले असता ते मध्यावर अडखळत असेल, तर खाच पडली आहे असे समजावे. फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची) खालची टोके धरून पुढे-मागे ओढल्यावर खटका जाणवला, तर बेअरिंग सैल आहे. या दोन्ही स्थितींत हा संच खरोखर कामाचा आहे.

माझ्या गाडीत दोष होता तो वेग उतरतानाचा. थ्रॉटल सोडून गाडी ताशी ८० किलोमीटरवरून ६० कडे येत असताना हँडलवरची पकड ढिली केली की ते डावी-उजवीकडे वेगाने हलू लागे. नव्या संचानंतर ही थरथर जवळजवळ नाहीशी झाली. परंतु मागची टॉप बॉक्स भरली की ती बारीक रूपात परत येई, आणि पूर्णपणे थांबली ती पुढचा टायर बदलल्यावरच. त्या टायरच्या नक्षीचे ठोकळे एका कडेला जास्त झिजून उंचसखल झाले होते, हे तळहात आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवल्यावर स्पष्ट कळत होते. टेपर रोलर थोड्या दाबाखाली बसवले जातात, त्यामुळे हँडलच्या फिरण्याला किंचित अधिक घर्षण मिळते आणि थरथर दबते. तिला चेतवणारे कारण मात्र टायरमध्ये तसेच राहिले होते. म्हणूनच संच मागवण्यापूर्वी टायर थंड असताना हवा मोजावी, झीज हाताने तपासावी आणि चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसऱ्या प्रकारच्या डोलण्यावर या संचाचा इलाज नाही. वर सांगितलेल्या थरथरीला वॉबल म्हणतात, आणि या दुसऱ्या डोलण्याला वीव्ह. वॉबलमध्ये केवळ पुढचा भाग सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा हलतो. वीव्हमध्ये सेकंदाला २ ते ४ वेळा अशा संथ गतीने संपूर्ण गाडीच नागमोडी डोलते, आणि वेग जितका जास्त तितके हे डोलणे आवरणे अवघड होत जाते. तेव्हा स्विंगआर्मची (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या चौकटीची) बेअरिंग, मागच्या टायरची हवा, मागच्या शॉकअब्झॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आणि सामानाची मांडणी तपासावी लागते. मागच्या अ‍ॅक्सलच्याही पलीकडे टांगलेले वजन पुढच्या चाकावरचा भार कमी करते. जड सामान पुढे आणि खाली सरकवण्यास काही खर्चही येत नाही. स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलच्या झटक्यांना विरोध करणारे उपकरण, बसवण्याचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तो वॉबल आटोक्यात आणतो, पण वीव्ह वाढवू शकतो.

संचात वरचे व खालचे बेअरिंग, त्यांच्या वाट्या आणि धूळरोधक रबरी सील येतात. धातूचे काम नेटके आहे, मात्र खालच्या सीलचा ओठ मला थोडा पातळ वाटला, आणि चाकाने उडवलेले पाणी नेमके तेथेच पोहोचते. सर्वांत मोठी उणीव सूचनापत्रिकेत आहे. नट किती आवळायचा याचा आकडा तीत नाही, आणि मूळ मॅन्युअलमधला आकडा गोळ्यांच्या बेअरिंगसाठी असल्यामुळे तो जसाच्या तसा लागू पडत नाही. नट आधी घट्ट आवळून, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवून रोलर बसू द्यावे लागतात, मग नट सैल करून अंतिम दाब द्यावा लागतो. केबल आणि वायरिंगचा ताण वगळून फोर्कला स्प्रिंग काटा बांधून ओढ मोजणे ही त्यातली सर्वांत विश्वासार्ह रीत. नट गरजेपेक्षा जास्त आवळला गेला, तर कमी वेगात गाडी सरळ रेषेत राहत नाही, चालकाला सतत बारीक दुरुस्ती करावी लागते आणि वेगात वीव्हही सुरू होऊ शकतो.

जुन्या वाट्या काढणे आणि स्टेमवरचे (फोर्कला हँडलशी जोडणाऱ्या उभ्या दांड्यावरचे) खालचे बेअरिंग उतरवणे हे काम योग्य हत्यारांशिवाय घरी करू नये. वाटी तिरकी बसली तर महागातला महाग संचही वाया जातो. नव्या वाट्या पूर्णपणे बसेपर्यंत दाब थोडा कमी होतो, तेव्हा सुमारे १,००० किलोमीटरनंतर ओढ पुन्हा मोजून नट जुळवून घेण्याचे काम मेकॅनिककडून आधीच कबूल करून घ्यावे.