लांब पल्ल्यावरून उतरलेला घोडा की मुळातला स्प्रिंटर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या भाच्याला पावसाळ्यात पुण्याची रेस बघायची आहे. त्याचा पेच असा: १२०० मीटरला पैसे कुणावर लावायचे, २००० वरून खाली आलेल्यावर की नेहमी १२००च धावणाऱ्या स्प्रिंटरवर?

भाव, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या पैशाच्या किती पट मिळणार ते, बहुधा उतरलेल्याला चांगला मिळतो, कारण मागच्या निकालांत तो पिछाडीला दिसतो. फेव्हरिट, म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत असा, स्प्रिंटर जिंकला तरी हाती थोडंच येतं.

भरवशात मात्र स्प्रिंटर सरस. ही शर्यत सव्वा मिनिटाच्या आत संपते. गेटमधून सुटताना मागे राहिलेल्याला भरपाई करायला वेळच नसतो. त्याचा दम दिसेपर्यंत बाकीचे पुढे निघून गेलेले असतात. अपवाद एकच, पण महत्त्वाचा: लांब शर्यतीत आघाडी घेऊन शेवटच्या २००-३०० मीटरला ढेपाळणारा घोडा. याला वेग आहे, दम नाही, म्हणून अंतर घटणं त्याच्या पथ्यावर पडतं. मोसमातली पहिलीच धाव असेल तर सावध. पुढच्या लांब शर्यतीसाठी नुसतं अंग मोकळं करणंही चाललेलं असू शकतं.

मेहनत? उतरलेल्याच्या जुन्या शर्यतींचे व्हिडिओ बघावेच लागतात.

एखाद्या रविवारची हौस असेल तर भाच्या, स्प्रिंटरवर ‘प्लेस’ लाव, म्हणजे तो पहिला नाही, पण पहिल्या दोन-तिनांत आला तरी पैसे मिळतात. अभ्यासाची चिकाटी आणि पैसे बुडाले तरी चालण्याची तयारी असेल, तरच तो आघाडी घेणारा शोध, तोही शक्यतो १४०० मीटरला.